येळवशीला पाहिलेलं गाव

१६ डिसेंबर, सोमवार. नांदेड

ही शाळेची टाचणवही आहे. रिटायर झाले तेव्हा तीन कोऱ्या उरल्या होत्या, त्यातली एक. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आणि अशाच वह्यांत दुसऱ्या दिवशीचा पाठ लिहीत आले. पानावर रकाने छापलेलेच आहेत. घटक, उद्दिष्ट, साहित्य, शेरा. उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिते: ह्यांना बरं करणं.

हे म्हणजे मोहियोद्दीन, माझे मालक. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून देणं, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी घालणं, हे पस्तीस वर्षांचं काम. ऑक्टोबरात उजव्या अंगावरून वारं गेलं. अल्लाच्या मेहेरबानीनं पाय आला, काठी घेऊन चालतात. हाताची बोटं अजून आळशी आहेत. वाचा साफ आहे असं डॉक्टर म्हणतात. असेल साफ, पण ती वापरतंय कोण? नोव्हेंबरात निदान भांडायचे तरी, खिचडीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे. गेल्या बुधवारपासून तेही बंद. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझा हात मराठीतच चालतो, तेव्हा त्यांचं बोलणं इथं मराठीतच उतरेल. बोलले तर.

डॉक्टर आज म्हणाले, "मॅडम, थोडा हवापालट करा. शांत जागा, एखादं नदीकाठचं गाव बघा." म्हणलं, बघते.

१८ डिसेंबर, बुधवार

गाव निवडायचं तर पद्धतशीर निवडावं. शंभर गुणांचा तक्ता केलाय. नदी तीस, स्वच्छता वीस, दवाखाना किती लांब त्याला दहा, आणि शांततेला चाळीस. तक्ता ह्यांना दाखवला. बघितला आणि खिडकीकडं तोंड केलं.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मनात ठेवली की झोप लागत नाही. दहा तारखेला, मंगळवारी, मी ह्यांच्या भाड्याच्या दुकानाच्या मालकाकडं, अण्णारावांकडं, जाऊन आले. जानेवारीअखेर दुकान खाली करून देते म्हणून सांगितलं. ह्यांना बोलले नाही. टेन्शन देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि खरं सांगायचं तर त्या दुकानाशी माझं कधी जमलंच नाही. डबा घेऊन गेलं की हे तार गुंडाळत बसलेले. मी तोंड उघडलं की डावं बोट वर. थांब! पस्तीस वर्षं ते बोट बघितलं मी. वर्गात साठ पोरं माझ्या एका नजरेत गप्प व्हायची आणि दुकानात मला एका बोटावर गप्प बसवायचे.

२२ डिसेंबर, रविवार

लुबना आणि जावई मुज्तबा लातूरहून गाडी घेऊन आले. पोरगी तिथं जिल्हा परिषदेत क्लार्क आहे. नायगावकडचं एक गाव बघितलं. गोदावरी बघून डोळे निवले, पण काठावरून सारखी ट्रॅक्टरांची ये-जा. धूळ नाकातोंडात. शांतता चाळीसपैकी पाच. मग जळकोटच्या बाजूला गेलो. हवा झकास, डोंगर झकास, नदी म्हणून जी दाखवली तिच्यात क्रिकेटचा सामना चालला होता. नदी शून्य.

हे गाडीतून उतरलेच नाहीत. मुज्तबा म्हणाला, "अब्बा, कसं वाटलं?" तर नुसते हसल्यासारखं केलं. लुबना म्हणते तिला सोमवारी, तीस तारखेला सुट्टी आहे, तेव्हा शिरूर अनंतपाळकडं मांजरा नदीवरची गावं बघू.

३० डिसेंबर, सोमवार. लातूर, लुबनाच्या घरी

सापडलं! शंभरपैकी त्र्याण्णव!

आज येळवस. वेळ अमावस्या लातूरकडं एवढी मोठी की कलेक्टर सुट्टी देतात. म्हणून तर लुबना मोकळी होती. रस्त्यानं जाताना शेतात माणसंच माणसं. कडब्याच्या खोपटासारख्या कोपी, पुढं पूजा मांडलेली, धूर, पोरांची पळापळ. एका ठिकाणी मुज्तबाच्या ओळखीच्यांनी गाडी अडवून ओढूनच नेलं. भज्जी, बाजरीची भाकरी, उंडे, तांब्याभर आंबिल. ह्यांनी दोन पेले आंबिल घेतली, मी तिसऱ्याला नको म्हणलं. बीपी.

आणि तिथून पुढं नदीबोरी. काय सांगू! गावात शिरलो आणि कानात कापूस घातल्यासारखं झालं. एक माणूस नाही रस्त्यावर. दारं लावलेली, अंगणं सारवलेली, गिरणी बंद, पारावर कुणी चकाट्या पिटत बसलेलं नाही. कुत्रं भुंकलं नाही, हो! नदीला बॅरेजचं पाणी काठोकाठ, त्यावर एक बगळा. काठाला ओळीनं पाण्याच्या मोटारी मांडलेल्या, त्याही गपगार. किती सुसंस्कृत गाव, म्हणलं. माणसं घरात बसून आपापलं काम करतात.

एका ओसरीवर बाजेवर म्हातारी बसली होती. गुणाबाई. विचारलं, "मावशी, गाव असंच शांत असतं का?"

"हाव."

"गोंगाट नसतो ना कसला?"

"हाव हाव."

"इथं खोली मिळेल का भाड्यानं, महिनाभर?"

"हाव." आणि माझ्या तोंडाकडं बघून गोड हसली. इतकी निवांत बाई मी आयुष्यात बघितली नाही. भिंतीवर तिच्या मुलाचा, शेषेरावांचा नंबर रंगवलेला होता, तो घेतला. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "दोन खोल्या मोकळ्याच हायत मॅडम, या की."

शांतता चाळीसपैकी चाळीस दिली. असे पैकीच्या पैकी मी बोर्डाच्या पेपरातसुद्धा कधी दिले नाहीत.

८ जानेवारी, बुधवार. नदीबोरी

या अल्ला, ही कुठली जागा?

सकाळी मुज्तबाच्या गाडीनं नांदेडहून निघालो. ह्यांनी आपली पिशवी आपणच भरली आणि कुणाला उचलू दिली नाही. भलती जड. रेडिओ असेल म्हणलं. दुपारी पोचलो तर गल्लीत शिरायला जागा नाही. शेजारची पिठाची गिरणी धडधडतेय, पारावर पंधरा माणसं एकाच वेळी बोलतायत, कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेत, कुत्री त्यांच्या मागं. वाटलं गाव चुकलं. मुज्तबाला म्हणलं, परत बघ. तर ओसरीवर तीच गुणाबाई, तेच गोड हसू. शेषेराव म्हणाले, "आईला काई ऐकू येत न्हाई मॅडम, दहा वर्सं झाली. सगळ्याला हाव म्हनती ती."

हे कमी होतं म्हणून चार वाजता शेताची लाईट आली. नदीवरच्या नऊच्या नऊ मोटारी एकदम सुरू! खिडकीच्या काचा थरथरल्या. मी ओरडूनच विचारलं, "अहो शेषेराव, मी आले होते तेव्हा तर सुई पडली तरी ऐकू आली असती!"

"कवा आलतात?"

"तीस तारखेला. येळवसच्या दिवशी."

माणूस पोट धरून हसायला लागला. बायकोला हाक मारली, शेजाऱ्याला हाक मारली, सगळ्यांना सांगितलं. "अवो मॅडम, येळवशीला गाव बगायला आलतात? त्या दिवशी गावात कोन ऱ्हातंय? समदं गाव शेतात, कुत्रीबी संगं. मोटारीलाबी इसावा. आईचे पाय चालत न्हाईत म्हून ती घरी!"

बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. गावातून माणसं वजा केली की काय उरतं, एवढी साधी वजाबाकी. शेतात सगळी माणसं ह्याच डोळ्यांनी बघितली होती, त्यांची आंबिलसुद्धा प्यायले होते!

मुज्तबाला म्हणलं, गाडी वळव, आत्ताच्या आत्ता निघायचं. तेवढ्यात हे बोलले. जवळजवळ महिन्यानं.

"राहू दे. इथंच बरंय."

मला त्रास नको म्हणून म्हणाले असतील. स्वभावच तसा आहे. रविवारपर्यंत थांबू, मग बघू.

९ जानेवारी, गुरुवार

ह्यांच्या कानात कापसाचे बोळे घालून दिले. तासाभरानं बोळे चहाच्या कपात, आणि हे नदीवर. एका दगडावर बसलेले, डोळे मिटून, मोटारींच्या अगदी समोर. गोंगाटानं सुन्न झाले असणार. हाताला धरून वरच्या बाजूला चिंचेखाली आणून बसवलं, तिथं जरा कमी ऐकू येतं. मी भाकरी टाकून परत आले तर पुन्हा त्याच दगडावर.

११ जानेवारी, शनिवार

मन धास्तावलंय. सकाळी हे नदीवर बसल्या बसल्या म्हणाले, "चौथी." मी म्हणलं, "चौथी काय?"  दुपारी जेवताना पुन्हा, भाकरीचा तुकडा हातात धरून, "चौथी." मग मान हलवली, वाईट बातमी ऐकल्यासारखी. लुबनाला फोन केला, अब्बांचं डोकं ठिकाणावर राहीना म्हणलं. ती म्हणाली, "अम्मी, घाबरू नको, बीपी बघ." बीपी चांगलं आहे. गोळ्या वेळेवर आहेत. दिवसाला किती पावलं चालतात ते मोजतेय. चौदाशे. फिजिओवाल्यानं दिलेला रबरी चेंडू दाबायचा असतो, शंभर वेळा. त्याला मात्र हात लावत नाहीत.

उद्या निघायचं तर निघू, असं विचारलं. "नक्को." एवढंच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गुणाबाईंनी तिळगूळ दिला. मी म्हणलं, मावशी, तुम्ही मला फसवलंत. "हाव," म्हणाली.

शेषेराव ह्यांना तिळगूळ द्यायला नदीवर गेले तेव्हा मी मागंच होते. हे म्हणाले, "चौथी मोटार कुणाची?"

"माझीच की चाचा."

"बेअरिंग गेलंय. बंद ठेव."

"चांगली पानी देयलीय की ती."

हे पुन्हा मोटारीकडं कान देऊन बसले. तर चौथी म्हणजे ही! निदान डोकं ठिकाणावर आहे. पण आजारी माणसानं कशाला दुसऱ्याच्या मोटारीत जीव अडकवावा? आराम करायला आलोय ना आपण?

१७ जानेवारी, शुक्रवार

चौथी मोटार जळाली. सकाळी धूर निघाला, वास घरापर्यंत आला. शेषेराव कपाळाला हात लावून बसलेत. गहू पोटऱ्यात आलाय, आठवड्यात पाणी मिळालं नाही तर दाणा भरायचा नाही. शिरूरच्या मोटारवाल्याकडं रांग लागलीय, पंधरा दिवस म्हणतो.

मला विचारलं, "मॅडम, चाचाला कसं कळ्ळं वो?" आणि माझ्या तोंडून अभिमानानंच निघून गेलं की नांदेडात ह्यांच्या हाताखालून किती हजार मोटारी गेल्या असतील ते त्यांनाच माहीत नाही. झालं! अर्ध्या तासात मोटार आमच्या अंगणात, पोत्यावर. मी साफ सांगितलं, जमणार नाही, हाताची ताकद नाही, डॉक्टरांची परवानगी नाही.

हे आत गेले आणि ती जड पिशवी घेऊन आले. रेडिओ कुठला! तार मोजायचं गेज, छिन्नी, पाने, बांबूच्या पट्ट्या, सगळं एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. माझ्या टॉवेलात.

"फक्त बघतो," म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

फक्त बघणारा माणूस तीन दिवस बघत बसलाय. डाव्या हातानं जळकी तार ओढून काढली, शेषेरावांना लातूरला पिटाळून नवी तार, कागद, बेअरिंग आणवलं. तार गुंडाळायला लाकडाचा फर्मा, म्हणजे साचा, करून घेतला. डाव्या हातानं दांडी फिरवायची, उजव्या हाताच्या बोटांतून तार ताणून धरायची. एका कॉइलला बेचाळीस फेरे, अशा अठरा कॉइल.

आज पहिली घेतली. मी दारातून बघत होते. ओठ हलत होते. मग थांबले. फेरे सोडले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले. चौथ्या वेळी तारेचा गुंता भिंतीवर फेकला आणि तोंड भिंतीकडं करून बसले. बोटं नाही अडली. मोजणी अडली. तिशीच्या पुढं आकडे निसटतात. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत एक फेरा चुकवला नाही.

खोटं लिहून काय करू? मला आत कुठंतरी बरं वाटलं. झाली हौस, आता तरी ऐकतील, आता दुकानाचं सांगायलाही सोपं जाईल. हे वाटून संपायच्या आत त्यांचे खांदे हलताना दिसले आणि मला माझीच लाज वाटली. मी कसली बाई आहे?

२१ जानेवारी, मंगळवार

नाश्ता झाल्यावर मी पाट घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हणलं, "तुम्ही फिरवा. आकडे मी बघते. मला दुसरं येतं काय?"

माझ्याकडं बघितलं. मग दांडी धरली.

एक. दोन. तीन. मी मोठ्यानं, वर्गात पाढे म्हणायची तसं. बेचाळिसाला त्यांनी थांबायच्या आत मी मांडीवर हात आपटला. एक कॉइल निघाली, सोन्यासारखी. हे म्हणाले, "हळू म्हण, मास्तरीण. पोरं पास झाली." लग्नाच्या पहिल्या वर्षी मला मास्तरीण म्हणायचे. मधे कधी थांबले ते आठवत नाही.

एक कळलं. मोजताना डोक्यात दुसरं काहीच बसत नाही. भाकरी करपली तरी वास येत नाही. मला वाटायचं ते बोट मला हाकलायला वर करतात.

२३ जानेवारी, गुरुवार

अठरा झाल्या. सातशे छप्पन्न फेरे, एकही चूक नाही. आता मोटारीच्या खाचांमधून तारा बसवायच्या. माझी बोटं बारीक म्हणून मी घालते, हे उजव्या हातानं बांबूच्या पट्टीनं दाबतात. उजव्या! रबरी चेंडू खिडकीत तसाच पडलाय. हातांना काळं लागलंय माझ्या, नखांत वार्निशाचा वास. पावलं मोजायची राहून गेली.

२५ जानेवारी, शनिवार

शेषेराव सकाळी बडबडत अंगणात आले. शेजारच्या गल्लीतल्या ईश्वरप्पांची पंपाची मोटारही चाचांनी बघावी, ती दोन वर्षं झाली बंद आहे, आणि लाईट दहाला येणार, आणि गहू... उरलेल्या तारेची एक जादा कॉइल घेत होतो, मी एकोणिसाव्या फेऱ्यावर होते. मान वर न करता डावं बोट उचललं. थांबा! माणूस एकदम गप्प झाला, चप्पल हातात घेऊन उभा राहिला.

बोट खाली करताना माझं मलाच कळलं मी काय केलं ते. ह्यांनी बघितलं होतं. मिशीत हसत होते.

दहाला लाईट आली. चौथी मोटार बसवली होतीच. हे दगडावर बसले, पान्याचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. मग पाना माझ्या हातात दिला. मी ऐकलं. आतून एकच सलग गुणगुण, कुठं खरखर नाही. उरलेल्या आठांचाही आवाज आता मला वेगवेगळा येतो. सातवी जरा घोगरी आहे. गव्हात पाणी शिरलं तेव्हा शेषेराव बांधावर बसून पाण्याकडं बघत राहिले.

२८ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस राहिले महिना संपायला. ह्यांना ईश्वरप्पांच्या मोटारीपाशी बसवून मी चिंचेखाली जाऊन अण्णारावांना फोन लावला. म्हणलं, "अण्णा, मी दिलेला शब्द परत घेते. दुकान सोडायचं नाही. कुणाला दिलं तर नाही ना?"

"न्हाई वो बाई, अजून न्हाई दिलं. तसं मी मोहियोद्दीन मिस्त्रींना तवाच इचारलं होतं. तुमी मंगळवारी आलतात ना, बुधवारी सकाळीच फोन केला. एवढ्या वर्सांचं दुकान, त्यांच्या तोंडून ऐकावं म्हनलं. तर म्हनले, बाई सांगते तसंच करा."

फोन बंद केला तरी मी कानालाच धरून उभी होते. बुधवार. अकरा डिसेंबर. ह्याच वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलंय, गेल्या बुधवारपासून तेही बंद. आणि मी नदीकाठची गावं बघत फिरले! शांततेला चाळीस गुण ठेवून!

अंगणात आले. फर्मा तयार होता, हे माझीच वाट बघत होते. पाटावर बसले, पण तोंडातून आकडा फुटेना.

"तुम्हाला दुकानाचं माहीत होतं?"

"हौ."

"दीड महिना?"

"हौ."

"मग बोलला का नाहीत? शिव्या द्यायच्या, ताट फेकायचं, काहीतरी करायचं! मी मेली तुमच्या तोंडाकडं बघत बसले होते!" रडू आवरेना मला. गुणाबाई ओसरीवरून बघत होती, बघू दे.

त्यांनी उजवा हात पुढं केला. तीच आळशी बोटं माझ्या मनगटावर ठेवली. दाब जाणवण्याइतका होता.

"तू मोजत होतीस, आबेदा," म्हणाले. "माझ्या गोळ्या, माझं बीपी, माझी पावलं. मोजणाऱ्याला मधे टोकू नये. फेरा चुकतो."

मग दांडी धरली आणि माझ्याकडं बघत थांबले. गिरणी चालू होती, ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. मी पदरानं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणलं, एक.